बंदुकीच्या लाकडी दस्त्याला कोणते तेल द्यावे? जवस, बेल तेल, तुंग आणि आपल्याकडचे हवामान

सातपुडा_पायथा (चोपडा), १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. वडिलांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आलेली .३१५ बोअरची बोल्ट रायफल आमच्या घरी आहे. तिचा दस्ता अक्रोडाचा असून मूळचे पॉलिश जागोजागी उडालेले होते. दस्त्याला जवसाचे तेल देतात एवढे ऐकून ठाऊक होते, म्हणून श्रावणात गावच्या घाण्यावरून ताजे जवसाचे तेल आणले. ब्रशने तीन दिवस रोज सढळ हाताने एकेक थर दिला आणि रायफल गोणपाटात गुंडाळून कपाटात ठेवली.

वीस दिवसांनी उघडले तेव्हा गोणपाट दस्त्याला चिकटलेले होते. ते ओढून काढल्यावर लाकडावर गोणपाटाच्या विणीचा ठसा जसाच्या तसा उमटलेला दिसला, मधूनमधून तागाचे तंतू रुतलेले, आणि दस्त्याच्या मागच्या टोकाला बुरशीचे काळे ठिपके. बोट टेकवले की चिकटते, आणि वास जवसाच्या जुन्या चटणीसारखा खवट येतो.

माझे दोन प्रश्न आहेत. हे सर्व काढून पुन्हा सुरुवात करावी लागेल का? आणि दुसऱ्यांदा कोणते तेल घ्यावे?

छऱ्यावाला (अमळनेर), १४ सप्टेंबर

माझ्या छऱ्याच्या बंदुकीच्या शिसमी दस्त्याला मी कित्येक वर्षे खोबरेल लावतो आहे. लावले की लाकूड छान उजळते. एवढे अवघड काही नसावे.

रसायनवाल्या_बाई (जळगाव), १५ सप्टेंबर

छऱ्यावाला भाऊ, खोबरेलाने लाकूड उजळते ते ओले झाल्यामुळे. पाण्यानेही तेवढेच उजळेल. खोबरेल थंडीत बाटलीत गोठते आणि उन्हात वितळते, पण ते कधीच सुकत नाही. शेंगदाण्याचे आणि एरंडेलाचेही तसेच. ही तेले लाकडात तशीच राहतात, त्यांवर धूळ बसते आणि पुढे चांगले तेल द्यायचे म्हटले तर तेच आड येते.

तेलाच्या बाबतीत ‘सुकणे’ हा शब्दच फसवा आहे. पाणी सुकते म्हणजे उडून जाते; जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्यातून घट्ट पापुद्रा तयार होतो. त्यामुळे सुकताना तेलाचे वजन आधी कमी होण्याऐवजी वाढते. जवसाच्या तेलात साधारण निम्मा भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो, आणि हे गुंतणे प्रामुख्याने त्याच्या जोरावर चालते. आपल्याकडच्या करडईच्या तेलातही हा गुण आहे, आणि ते कमी पिवळे पडते म्हणून रंगांच्या कारखान्यांत वापरले जाते. पण ते जवसापेक्षा मंद आहे, त्यामुळे दस्त्यासाठी मी ते सुचवणार नाही.

सातपुडा भाऊ, तुमच्या हातून तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. कच्चे तेल मुळातच मंद असते. थर जाड दिल्यामुळे वरची साय धरली आणि खालच्या तेलाला हवा मिळेना. त्यातच गोणपाटात बांधून कपाटात ठेवल्यामुळे वरच्या थरालाही हवा मिळाली नाही. बुरशीचे म्हणाल, तर न सुकलेले जवसाचे तेल हे तिचे खाद्यच आहे, आणि श्रावणातला दमटपणा तिला आयता मिळाला.

रंधा_पटाशी (धुळे), १५ सप्टेंबर

बाईंनी कारण सांगितले, मी बाजारातली बाजू सांगतो. तीस वर्षे सुतारकाम करतो आहे.

रंगाच्या दुकानात जे ‘बेल तेल’ मिळते ते जवसाचेच असते. नाव ‘बॉइल्ड’वरून पडले असले तरी आजकाल त्याला प्रत्यक्षात उकळी क्वचितच देतात; लवकर सुकावे म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. पूर्वी यासाठी शिशाची मुर्दाडशिंग वापरत. म्हणून बेल तेल पोळपाटाला किंवा ताटाला कधी लावू नये. दस्त्याला लावण्यास हरकत नाही. कच्च्या तेलाचा पातळ थर धरायला कित्येक दिवस लागतात, तर बेल तेलाचा पातळ थर चांगल्या हवेत दिवसभरात धरतो.

सुट्या मिळणाऱ्या बेल तेलात भेसळ फार. मी नवीन डबा आणला की काचेच्या तुकड्यावर एक थेंब बोटाने पसरतो आणि काच खिडकीत ठेवतो. दोन दिवसांनी तो नखाला घट्ट लागला तर तेल कामाचे. चारपाच दिवसांनीही बोटाला लागत राहिला तर त्यात खनिज तेल मिसळले आहे असे समजून डबा बाजूला ठेवतो.

तुंग तेल चीनमधल्या तुंग झाडाच्या बियांचे. पाण्यापुढे ते जवसापेक्षा निश्चित जास्त टिकते आणि पिवळेही कमी पडते, पण महाग पडते आणि आपल्याकडे ते मागवूनच घ्यावे लागते. शिवाय ‘तुंग फिनिश’ अशी चिठ्ठी असलेल्या बऱ्याच बाटल्यांत खरे तर पातळ केलेले व्हार्निश असते. शुद्ध तुंगाचा थर जाड झाला तर त्यावर पांढरट सुरकुत्या पडतात आणि सर्व घासून काढावे लागते.

लाखेचे पॉलिश, म्हणजे स्पिरिटमधली चपडी लाख, दिसायला सर्वांत देखणे. पण त्यावर पाणी साचले की पांढरा डाग उठतो आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवले तर ते मऊ पडते. शेतावर न्यायच्या वस्तूला मी ते देणार नाही.

छऱ्यावाला भाऊ, तुमचा दस्ता खरेच शिसवाचा असेल तर एक अडचण लक्षात ठेवा. शिसवाच्या जातीच्या लाकडांत मुळातच असे काही अर्क असतात की ते वरच्या तेलाला धरू देत नाहीत. महिना झाला तरी तेल चिकट राहते आणि माणूस तेलाला दोष देतो. अशा लाकडाला आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावे आणि लाखेचा एक अगदी पातळ थर देऊन मगच तेल लावावे. सागवानही स्वतःच तेलकट, म्हणून तेथेही तेल सावकाश धरते. अक्रोडाला असा काही त्रास नाही. तो सच्छिद्र, तेल आवडीने पिणारा आणि वजनाच्या मानाने चिवट, म्हणून तर दस्त्यासाठी त्याचे नाव पुढे आले. आपल्या रानातले तिवस आणि अंजन चिवटपणात कोणाला हार जाणार नाहीत, पण अंजन इतके जड की त्याचा दस्ता खांद्यावर घेऊन चालणाऱ्याने मला शिव्याच दिल्या असत्या.

सातपुडा_पायथा (चोपडा), १६ सप्टेंबर

पटाशी काका, धुळ्याला येऊन दस्ता तुमच्याकडेच दिला तर चालेल का? होईल तो खर्च देईन.

रंधा_पटाशी (धुळे), १६ सप्टेंबर

नाही भाऊ, राग मानू नका. सल्ला हवा तेवढा देईन, पण बंदुकीचा दस्ता मी दुकानात घेत नाही. माझ्याकडे शस्त्रांचा परवाना नाही.

जुना_आर्मरर (भुसावळ), १७ सप्टेंबर

काकांचे बरोबर आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या शब्दात त्याचे भागही येतात. परवानाधारकाने एकतर स्वतः काम करावे, नाहीतर परवानाप्राप्त दुरुस्तीवाल्याकडे द्यावे. सैन्यातून निवृत्त होईपर्यंत माझे हात याच कामात होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो; लांबण लागल्यास क्षमा करावी.

रायफल रिकामी आहे याची खात्री बोल्ट उघडून, डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्ही प्रकारे करून घ्यावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. .३१५ ची चाल, म्हणजे बोल्टाची यंत्रणा, ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे, म्हणजे दस्ता दोन तुकड्यांचा: मागचा खांद्याचा भाग आणि नळीखालचे पुढचे लाकूड. जुन्या एनफिल्डमध्ये मागच्या दस्त्यातून जाणाऱ्या, दस्ता जोडणाऱ्या लांब बोल्टाचे (वर सांगितलेला उघडायचा बोल्ट नव्हे) चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न काढता कोणी तो बोल्ट फिरवला तर पट्टीसकट लाकूड चिरते. तुमच्या रायफलीत ती रचना असो वा नसो, पुढचे लाकूड आधी उतरवण्याची सवय ठेवा. असे चिरलेले लाकूड मी इतक्या वेळा पाहिले आहे की नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवत असे.

आता चिकटा. काचपेपरला लगेच हात घालू नका, कारण ओल्या तेलावर तो दोन मिनिटांत भरून निकामी होतो आणि दस्त्यावरचे कारखान्याचे शिक्के मात्र कायमचे जातात. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या जाड कापडाने लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसा, कापड बदला, पुन्हा पुसा. जेथे साय घट्ट झाली आहे तेथे सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांचे, स्टील वूल टर्पेंटाइनमध्ये बुडवून हलक्या हाताने फिरवा. कॉस्टिक सोड्याचे पाणी कोणी सुचवील. त्याने तेल निघते हे खरे, पण अक्रोड काळा पडतो आणि त्याचे तंतू सैल होतात. बुरशीचे ठिपके वरवरचे असतील तर स्पिरिटने जातील, खोल असतील तर राहतील. ते खरवडत बसून दस्त्याला खळगा पाडू नका.

लाकूड उघडे झाले की मूठ आणि चापामागचा भाग नीट पाहा. रायफल वर्षानुवर्षे नळी वर करून उभी ठेवली तर नळीतले आणि बोल्टातले खनिज तेल खाली उतरून नेमके तेथे मुरते. लाकूड काळपट होते आणि नखाने दाबले तर मऊ लागते. त्यावर खडूची बारीक भुकटी अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप द्यावा, वाळल्यावर झटकावा. भुकटी पिवळसर होऊन निघते. माझ्या हातून एका दस्त्याला असे नऊ लेप झाले होते, तेव्हा कुठे दहावा पांढरा निघाला. हे काम उघड्या अंगणात करा, चुलीपासून आणि विडीपासून लांब.

पोचे पडले असतील तर ओले कापड ठेवून वरून गरम इस्त्रीचे टोक क्षणभर टेकवावे. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. तंतू तुटलेच असतील तर वाफेचा उपयोग नाही. तो व्रण बंदुकीच्या वयाचा समजून राहू द्यावा. मग सर्व दस्ता ओल्या कापडाने पुसून वाळू द्यावा म्हणजे लाकडाची लव उभी राहते, आणि ती बारीक पॉलिश पेपरने कापावी. असे दोनदा करा, नाहीतर पहिल्याच पावसात दस्ता हाताला खरखरीत लागेल.

तेल देण्याची आमची पद्धत अशी होती. पहिला थर तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्मे, म्हणजे ते आत शिरते. त्यानंतर निव्वळ तेल, पण ब्रश नको. तळहातावर चारपाच थेंब घ्यायचे आणि एवढ्यातच सर्व दस्ता चोळायचा. तळहात गरम होईपर्यंत चोळले की तेल पातळ होऊन रंध्रांत जाते. पंधरावीस मिनिटांनी कोरड्या सुती कापडाने असे पुसायचे की आपण काहीच लावले नव्हते असे वाटावे. दुसऱ्या दिवशी बोट कोरडे निघाले तरच पुढचा थर. दुसऱ्या-तिसऱ्या थराला तेलातच चारशे नंबरचा वॉटर पेपर फिरवला तर लाकडाचाच भुगा तेलात मिसळून लगदा होतो. तो रेषेला आडवा पुसला की रंध्रे भरतात. असे आठदहा थर झाले की दस्त्याला आतून आल्यासारखी झाक येते.

आणि जो भाग दिसत नाही तो विसरू नका. बटप्लेटखालचे, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखालचे, आडवे कापलेले लाकूड आणि नळीखालची खाच येथूनच ओल आत शिरते. तुमची बुरशी मागच्या टोकालाच आली, याचेही हेच कारण. पावसाळ्यात लाकूड फुगून नळीवर दाब आला की गोळी वेगळ्या जागी जाते आणि नेमबाज दुर्बीण, काडतूस, स्वतःचा श्वास, सर्वांना दोष देत बसतो. जवसाचे तेल पाण्याचा थेंब अडवते, हवेतली वाफ फारशी अडवत नाही. म्हणून या दोन आतल्या जागांना मी व्हार्निशचे दोन पातळ हात देतो.

रंधा_पटाशी (धुळे), १७ सप्टेंबर

आर्मरर साहेब, बाकी सर्व मान्य, पण ‘तेल’ म्हणताना आपण कच्चे म्हणता की बेल?

जुना_आर्मरर (भुसावळ), १८ सप्टेंबर

कच्चे. इंग्रजांच्या काळापासून एनफिल्डला कच्चेच जवसाचे तेल चालत आले, आणि शिपाई तेच कापडावर घेऊन दस्ता पुशीत असे.

रंधा_पटाशी (धुळे), १८ सप्टेंबर

येथे मी अदबीने असहमत आहे. पलटणीतल्या शिपायाला रोज दस्ता पुसण्याचा हुकूम होता आणि वर्षे हाताशी होती. ‘रोज एकदा आठवडाभर, आठवड्यातून एकदा महिनाभर, महिन्यातून एकदा वर्षभर आणि पुढे वर्षातून एकदा जन्मभर’ हा जुना दंडक त्या दिनक्रमासाठी ठीक आहे. सातपुडा भाऊंना कपाशी वेचायची आहे. घरी एकदा नीट काम करून रायफल कपाटात ठेवणाऱ्याने कच्च्या तेलाच्या वाटेला जाऊ नये.

रसायनवाल्या_बाई (जळगाव), १८ सप्टेंबर

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आपल्याकडे तेलाच्या जातीइतकाच महिना महत्त्वाचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. उष्णतेने ही क्रिया पुष्कळ वेगाने होते. त्या दिवसांत पातळ लावलेले कच्चे तेलही सावकाश का होईना धरेल, आणि भाद्रपदात बेल तेलही रेंगाळेल. आत्ता चिकटा काढून दस्ता कोरडा होऊ द्या आणि तेलासाठी होळी उलटण्याची वाट पाहा. मात्र मेच्या उन्हात दस्ता उघडा टाकू नका, लाकूड तडकेल. सावलीत, वारा खेळेल अशा ओसरीत टांगा.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अजून कोणीच लिहिली नाही, ती म्हणजे चिंध्या. तेल ऑक्सिजन घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते. दस्त्यावर ती हवेत निघून जाते, पण तेल पुसलेल्या सुती चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती आतल्या आत कोंडते, उष्णतेने क्रिया आणखी वाढते आणि काडी न लावता बोळा पेट घेतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९९१ साली एका ३८ मजली इमारतीला आग लागली ती जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांमुळे, आणि तीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. ज्यांच्या घरात कापूस साठवलेला असतो त्यांनी तर हे फार गांभीर्याने घ्यावे. चिंध्या एकेक करून दगडावर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

छऱ्यावाला (अमळनेर), १९ सप्टेंबर

मला दस्त्याला जरा तांबूस झाक हवी आहे. रंगाच्या दुकानातला डाय टाकावा का?

जुना_आर्मरर (भुसावळ), १९ सप्टेंबर

डाय कशाला? विलायती बंदुकांच्या दस्त्यांची ती प्रसिद्ध तांबूस छटा अल्कानेट नावाच्या मुळीची असे, आणि तिच्याच कुळातली मुळी आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रतनजोत म्हणून मिळते. मुळीचे तुकडे जवसाच्या तेलात आठदहा दिवस ठेवले की तेल डाळिंबासारखे लाल होते. गाळून पहिल्या दोन थरांपुरते वापरावे.

मागताना ‘रतनजोतीची मुळी’ असे स्पष्ट म्हणा. आपल्याकडे मोगली एरंडालाही रतनज्योत म्हणतात, त्याच्या बिया विषारी आहेत आणि रंगासाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही.

सातपुडा_पायथा (चोपडा), ९ मे

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. सप्टेंबरातच चिकटा काढला. टर्पेंटाइनचे तीन डबे आणि एक जुने धोतर त्यात संपले. मुठीजवळ लाकूड आर्मरर काकांनी सांगितले तसेच काळे निघाले, खडूचे पाच लेप लागले. मग दस्ता हिवाळाभर तसाच ठेवला.

मार्चच्या शेवटी सुरुवात केली. बेल तेल आणले, काचेवर थेंब ठेवला आणि पहिला डबा त्यातच नापास झाला. दुसऱ्या दुकानातला पास झाला. पहिला थर निम्मे टर्पेंटाइन, पुढचे आठ तळहाताने. चौथ्या थराला हात सैल सुटून तेल जास्त झाले आणि दुसऱ्या दिवशी चापाच्या मागे एक चिकट ओघळ सापडला. तो टर्पेंटाइनने पुसून दोन दिवस थांबलो. बटप्लेटखाली आणि नळीच्या खाचेत व्हार्निश दिले.

बाईंचे म्हणणे पडताळण्यासाठी एके दुपारी मुद्दाम चिंध्यांचा बोळा अंगणात पत्र्याच्या डब्यात ठेवून समोर बसलो. तासाभराने त्यात बोट घातले तर तो सावलीतही चांगलाच गरम लागला. पुढे काय होते ते पाहण्याचे धाडस झाले नाही, डब्यात बादलीभर पाणी ओतले.

बुरशीचे दोन ठिपके राहिलेच आहेत. आता वरून मेण द्यावे का, आणि केव्हा?

जुना_आर्मरर (भुसावळ), १० मे

द्यावे, पण घाई नको. शेवटच्या थरानंतर तेल आतून घट्ट व्हायला तीनचार आठवडे द्या, म्हणजे मृगाच्या आधी काम होईल. मधमाशीचे मेण, बेल तेल आणि टर्पेंटाइन समान घ्यावे. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर मुळीच नाही, आणि विस्तव विझवून भांडे बाहेर आणल्यावरच त्यात टर्पेंटाइन घालावे. थंड झाल्यावर जो मलम होतो तो नखभर घेऊन चोळा आणि लोकरीच्या तुकड्याने घासा. ती लोकरही पाण्याच्याच डब्यात जाऊ द्या.

आणि यंदा गोणपाट नको. रायफल नळी खाली करून, सुती कापडाच्या सैल पिशवीत ठेवा.

सातपुडा_पायथा (चोपडा), १० मे

पिशवी शिवायला टाकली आहे. मेण आमच्याकडे सातपुड्यातले मिळते, काका, भुसावळला येताना आपल्यासाठीही घेऊन येतो.